अनुभव धागा : आवेदन दिलं, पावती मिळाली, पुढे?

रामबागकर

गेल्या महिन्यात माझ्या मामेभावाच्या खात्यातून सायबर फसवणुकीत अठ्ठेचाळीस हजार गेले. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाता खाता विषय निघाला. मी विचारलं, "तक्रार केलीस का?" तो तोंड उघडायच्या आत घरातले सहा जण म्हणाले, "काही होत नाही रे त्यानं." मग एकेकाला धरून विचारलं, तुम्ही स्वतः कधी केली होती? एकानेही नाही. सहाच्या सहा जणांचा अविश्वास उसना.

म्हणून हा धागा. सायबर तक्रार घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेलेल्यांनी किंवा घरच्या माणसाला घेऊन गेलेल्यांनीच लिहा. व्हॉट्सॲपवरचे किस्से नकोत. ठाणं, बँक, साहेब, कोणाचंही नाव नको.

एक आकडा मला खुपतोय. केंद्र सरकारच्या सायबर पोर्टलवर २०२२ मध्ये १०.२९ लाख तक्रारी आल्या. त्याच वर्षी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या) अहवालात देशभरात नोंदवलेले सायबर गुन्हे आहेत ६५,८९३. मधल्या सगळ्या तक्रारी कुठे जातात? कोणाला माहीत असेल तर सांगा.

सुदामानगरची सून

आमची गेली नाही कुठे. आमच्याच कपाटात आहे, निळ्या फाइलमध्ये.

२०२३ ची गोष्ट. सासऱ्यांना मेसेज आला, बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल. त्यांनी त्या नंबरवर फोन केला. समोरच्याने एक ॲप टाकायला लावलं आणि दहा रुपये भरायला सांगितले. दहा रुपयांच्या मागोमाग शहाण्णव हजार गेले. मुलगा घरातच होता, त्याने वीस मिनिटांत १९३०, म्हणजे सायबर हेल्पलाइन, लावला. फोन लागला, नीट बोलले, नंबर आला. दोन दिवसांनी कळलं की एकतीस हजार पुढच्या एका खात्यात अडवलेत. बाकीचे तोवर एटीएममधून निघाले होते.

आम्हाला वाटलं, चला, एकतीस तरी वाचले. तमाशा खरा तिथून सुरू झाला. बँक म्हणाली, कोर्टाची ऑर्डर आणा. ठाण्यात गेलो तर मुन्शीजी, म्हणजे लिखापढीवाले, म्हणाले, "अभी तो आवेदन है, कायमी नहीं हुई." म्हणजे एफआयआरच नाही. तेव्हा मला कळलं की आवेदन वेगळं आणि कायमी वेगळी. इंदुरात जन्म गेला, पण ठाण्याची भाषा चाळिशीत शिकले. सासरे रोज अंगात इस्त्रीचा शर्ट घालून जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. नवऱ्याने वैतागून १८१ वर, मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनला तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून पहिल्यांदा आपणहून फोन आला. आम्ही सगळे फोनभोवती गोळा. तर, "भाईसाब, वो शिकायत बंद करवा दो, ऊपर से प्रेशर है."

पैसे मिळाले शेवटी. वकील करून कोर्टात सीआरपीसी कलम ४५७ चा, अडवलेले पैसे सोडवायचा अर्ज लावला, नऊ महिने लागले. वकिलाचे सात हजार वजा करा. सासरे अजून म्हणतात, "मिळाले की नाही?" मी काही बोलत नाही.

राजवाडा एक्सप्रेस

माझे १९३० ला अकरा मिनिटांत फोन केल्याने सगळेच्या सगळे थांबले. परतही आले. चांगलंही लिहायचं असेल तर हे घ्या.

चिवडेवाला

मी उलट बाजूचा आहे. माझे पैसे गेले नाहीत, माझ्याच खात्याला कुलूप लागलं.

आमचं शेव-चिवड्याचं दुकान आहे. राखीच्या आठ दिवस आधी, म्हणजे बेसन-तेलाचे पैसे द्यायच्या ऐन वेळी, क्यूआरवर पैसे येणं बंद. बँकेत गेलो. मॅनेजर म्हणाला, खात्यावर लीन आहे, म्हणजे पैसे अडवलेत. कोणी लावला? दुसऱ्या राज्यातल्या एका जिल्ह्याच्या सायबर पोलिसांनी. किती रकमेसाठी? ३४० रुपये. कोणीतरी फसवणुकीच्या पैशातून माझ्याकडून अर्धा किलो लसूण शेव आणि थोडा चिवडा नेला होता. त्या ३४० साठी खात्यातले दोन लाख सोळा हजार अडकले.

तिथल्या साहेबांना फोन केला. "यहाँ आकर बयान दीजिए." चौदाशे किलोमीटर, राखीच्या आठवड्यात! मी म्हटलं, साहेब, बिलबुक पाठवतो, कॅमेऱ्याचं फुटेज पाठवतो. म्हणाले, मेल करा. केला. पंधरा मेल केले. सव्वीस दिवसांनी लीन फक्त ३४० वर आला, बाकीचं खातं सुटलं. ते ३४० अजून तिथेच आहेत. मी बघतो कधीकधी ॲपमध्ये, गंमत म्हणून.

भिया, यांना चोर सापडत नाही, चिवडेवाला मात्र सापडतो. कारण चिवडेवाल्याच्या भिंतीवर क्यूआर चिकटवलेला असतो.

जुना टीआय

नोकरीत असताना काही वर्षं हेच काम केलं. निवृत्त आहे, म्हणून लिहू शकतो. बचाव करत नाही, फक्त आत काय चालतं ते सांगतो.

पहिली गोष्ट. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालची विवेचना, म्हणजे तपास, इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरचाच करू शकतो. २००९ च्या आधी तर डीएसपीच लागायचा. ठाण्यात इन्स्पेक्टर किती? बहुतेक ठिकाणी एक, तो म्हणजे टीआय, ठाण्याचा प्रमुख. त्याच टीआयकडे बंदोबस्त, गणपतीचं विसर्जन, रंगपंचमीची गेर (मिरवणूक), व्हीआयपी आणि रात्रीची गस्त. तुमचे शहाण्णव हजार त्याच्या टेबलावर एका खुनाच्या खाली असतात.

दुसरी. पैसा ज्या खात्यात गेला ते चोराचं नसतं. केवायसी काढलं की निघतो एखादा मजूर, पाच हजार घेऊन पासबुक आणि एटीएम कोणाला तरी देऊन बसलेला. सिम तिसऱ्याच्या नावावर, एटीएममधून काढणारा चौथ्या राज्यात. तिथे दोन शिपाई पाठवायचे तर परवानगी, भाडं, तिथल्या ठाण्याची मदत. एकदा आम्ही बाराशे किलोमीटर जाऊन एका मुलाला आणलं. एकोणीस वर्षांचा, चपला तुटलेल्या. रिकव्हरी : एक मोबाइल.

रामबागकर, तुमच्या आकड्याचं उत्तर यातच आहे. पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे, ती ठाण्याकडे आवेदन म्हणून येते.

सुदामानगरची सून

काका, मग कायमी का करत नाहीत? सरळ सांगा.

जुना टीआय

सरळ सांगतो ताई. कायमी केली की गुन्हा माझ्या पेंडिंगमध्ये चढतो. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये उभं करून विचारतात, इतके पेंडिंग का? आवेदनाबद्दल तेवढं कोणी विचारत नाही. आणि आरोपी मिळाला नाही तर शेवटी खात्मा लावावा लागतो. मराठीत तो शब्द ऐकून लोक दचकतात. तुमची फाइल बंद झाली, एवढाच त्याचा अर्थ.

चूक आहे. मीही केलीय.

वैशालीनगर वाली

माझ्या नावाने खोटं इन्स्टा खातं काढून कोणीतरी घाणेरडे फोटो टाकत होतं. ठाण्यात पहिला सल्ला, "आप अपनी आईडी डिलीट कर दो." म्हणजे खऱ्या मुलीनेच नाहीसं व्हायचं! दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. तिथे एक लेडी सबइन्स्पेक्टर होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी माझे बावीस स्क्रीनशॉट बघितले आणि म्हणाल्या, यात कशातच लिंक दिसत नाही, हे कोर्टात शून्य आहे. मग शेजारी बसवून दाखवलं, प्रोफाइलची पूर्ण लिंक कशी घ्यायची, तारीख-वेळ कशी दिसली पाहिजे. त्यांना फोन केला की त्या उचलायच्या. खातं चार दिवसांत बंद झालं. कोणी काढलं होतं ते आजपर्यंत कळलं नाही, मधल्या काळात मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, "मामला क्या था?"

टिळकनगरी

आत्याबद्दल लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो.

आत्या ७४ वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला व्हिडिओ कॉल आला. तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, मनी लाँडरिंग, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. आदल्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं की कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नसतं. आत्या तो कार्यक्रम चुकवत नाही. ऐकला होता तिने. तरी दीड दिवस फोन कुकरला टेकवून त्याच्यासमोर बसली. आमटीसुद्धा कॉलवरच्या माणसाला विचारून फोडणीला टाकली.

शेजारच्या वहिनींना संशय आला, त्यांनी ठाण्यात कळवलं. दोन पोलीस आले, खरे, गणवेशातले. आत्या दार उघडेना. जाळीतून म्हणाली, "मी सीबीआयच्या साहेबांशी बोलतेय, तुम्ही नंतर या." वीस मिनिटं ते बिचारे जिन्यात उभे. शेवटी मी कामावरून पोचलो तेव्हा दार उघडलं. एफडी मोडायचा फॉर्म भरून तयार होता, पैसे वाचले.

नंतर तिला विचारलं, आत्या, खऱ्यावर विश्वास का नाही ठेवलास? ती जे म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "अरे, तो मला मॅडम म्हणत होता. पंधरा मिनिटांत केस नंबर दिला. सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं. दर दोन तासांनी प्रगती सांगत होता. तुझ्या काकांची स्कूटर चोरीला गेली तेव्हा चार महिने कोणी धड बसायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हेच मोठे पोलीस."

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे दिला. पेपर वाचून आत्या म्हणाली, "आता ओळखायचं कसं?"

चिवडेवाला

आत्यांना साष्टांग नमस्कार. लसूण शेव पाठवतो, पैसे रोख घेईन.

रामबागकर

मामेभाऊ उद्या जातोय. टीआय काका, फाइलमध्ये काय काय हवं?

जुना टीआय

बँकेचं स्टेटमेंट, त्यात गेलेली रक्कम अधोरेखित. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर. पोर्टलची पावती. मेसेजचे प्रिंट, नंबर पूर्ण दिसेल असे. बँकेला लेखी कळवल्याची पोच, तारखेसकट. आरबीआयने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल तर तोटा ग्राहकाचा नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर बँक भांडणार, तरीही कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्याच माथी.

आणि नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र. पूर्वीचं ६५ ब. त्यात आता हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा कोड, लिहावी लागते. मुन्शी मागेल किंवा मागणार नाही, पण कोर्टात तेच अडतं. अर्जात "कायमी करावी" हे शब्द स्पष्ट लिही. आवेदन क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस.

रामबागकर

हॅश व्हॅल्यू कुठे काढून मिळते? जेल रोडवर मोबाइलवाल्याला विचारलं, तो म्हणाला स्क्रीनगार्ड पाहिजे का.

जुना टीआय

फोन घेऊन घरी ये, मी काढून देतो. गुरुवारी नको, गुरुवारी मी माझ्याच बँकेत जातोय.