एवढीशी सत्ता हातात आली की…

मंत्र्या-संत्र्यांविषयी आपण रोजच बोलतो. इथे लहान सत्तेविषयी लिहूया: खिडकीमागचा शिक्का, सोसायटीचं चिटणीसपद, लोकलमधली जागा. दुसऱ्याला अडवण्याची किंवा सोडण्याची मुभा मिळाली आणि माणूस कळला, असा तुम्ही पाहिलेला प्रसंग सांगा. नावं मात्र नकोत.

परळ
वडील गिरणीत बदली कामगार होते. कायम कामगाराने खाडा केला तरच त्या दिवशी काम. पाळीच्या आधी खात्यात जाऊन उभं राहायचं. कोणाला घ्यायचं ते जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मर्जीवर. वडील म्हणायचे, "नाही म्हणाला तर वाईट वाटायचं नाही. पण तो तंबाखू मळत बसायचा. चुना लावणार, चोळणार, झटकणार. चिमूट दाढेखाली जाईपर्यंत आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे." भाकरी हातातून जाण्यापेक्षा हे ताटकळणं त्यांना जास्त लागलं होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात जॉबरही घरी बसला. पुढे गावी निघताना वडील त्याचा निरोप घ्यायला गेले. आई चिडली होती. वडील का गेले ते मला अजूनही उमगलेलं नाही, पण वडिलांबद्दलचा आदर तेव्हापासून वाढला.

डोंबिवली
महिलांचा डबा. आमच्या ग्रुपमधली एकजण नवीन होती तेव्हा तिघींच्या बाकावर चौथ्या सीटसाठी गयावया करायची. ग्रुपमध्ये रुळली आणि एका पोटुशा बाईला म्हणाली, "ही जागा धरलेली आहे." तो स्वर मी ओळखला, अगदी तोच स्वर तिने सोसला होता. मी उठून त्या बाईला बसवलं. दोन दिवस अबोला होता.

मुलुंड
आमच्याकडे नवे चिटणीस आले आणि कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद. सातव्या मजल्यावर पायी!

परळ
@मुलुंड, सभेत विषय काढा. असे लोक चारचौघांत लगेच नरमतात.

कुर्ला
मला चांगला अनुभव सांगायचा आहे. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. आमची डबलडेकर पाण्यात अडकली. कंडक्टर तिशीचा असेल. त्याने म्हातारी माणसं आणि पोरं वरच्या मजल्यावर बसवली, धडधाकट पुरुषांना उठवलं. रस्त्यातून भिजत आलेल्यांनाही आत घेतलं, तिकिटाचं नावही काढलं नाही. एक गृहस्थ जागा सोडेनात. "मी कोण आहे माहीत आहे का?" कंडक्टर म्हणाला, "असाल साहेब. आधी या आजींना बसू द्या." आवाज जराही चढला नव्हता. गृहस्थ उठले, आणि थोड्या वेळाने तेच दारात उभे राहून लोकांना हात देऊन आत ओढत होते.