स्वतःच्या आगळ-कोकमाबद्दल लिहायला बसलं की हात आखडतो. काय करावं?

रातांबा_कुडाळ
नमस्कार. कुडाळ तालुक्यात घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ (रातांब्याचा म्हणजे कोकमाच्या फळाचा खारवलेला रस), अमृत कोकम (गोड सरबताचा पाक), आमसुलं (सुकवलेली कोकमाची सालं) आणि कुळथाचं पीठ असा माल असतो. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे, लेबलं छापलेली आहेत, आठवडी बाजारात विक्री होते. पण व्हॉट्सअॅपवर आणि गूगलवर चार ओळी लिहायच्या म्हटलं की अडतं. समोर गिऱ्हाईक असेल तर अर्धा तास सांगता येतं. लिहायला घेतलं की एकच वाक्य सुचतं, ‘अस्सल मालवणी चवीचे दर्जेदार पदार्थ मिळतील’, आणि ते तर सगळ्यांच्याच पाटीवर असतं.

भीती तीन आहेत. गावात वाटेल की बघा, स्वतःची टिमकी वाजवतेय. शुद्धलेखन चुकेल. आणि कृती लिहिली तर कोणीतरी उचलेल. कोणी नीट वाट सांगेल का?

माडाखाली
ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. समोर गिऱ्हाईक असलं की बोलता येतं, कारण त्याने काहीतरी विचारलेलं असतं. कोऱ्या स्क्रीनवर कोणी विचारत नाही, म्हणून मग आपण स्वतःचं वर्णन करायला लागतो आणि तिथेच लाज वाटते. ‘दर्जेदार’, ‘अस्सल’, ‘उत्कृष्ट’ हे शब्द लिहिताना संकोच होतो तो बरोबरच आहे. ते शब्द दुसऱ्याने म्हणायचे असतात. माप, कारण आणि वापरायची रीत सांगताना मात्र कोणालाच लाज वाटत नाही.

आठ दिवस काहीच लिहू नका. बाजारात एक छोटी वही ठेवा आणि गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपा. आपल्या मालाला हे प्रश्न येतातच: सोलकढीला किती घालायचं? आगळ आणि अमृत कोकममध्ये फरक काय? आमसुलांवर पांढरं काय आलंय? बाटलीच्या तळाला गाळ का बसतो? उघडल्यावर किती दिवस टिकतं? मग रोज एकच प्रश्न घ्यायचा. उत्तर ६० ते ८० शब्दांत, जास्तीत जास्त २० मिनिटांत. वेळ संपली की थांबायचं, कारण तासभर घोळवलेल्या मजकुरात पुन्हा ‘अस्सल’ शिरतं.

नमुना देतो:

‘सोलकढीला आगळ किती? एका मध्यम नारळाच्या रसाला तीन मोठे चमचे. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ अगदी शेवटी, चव बघून. कढी चुलीवर ठेवू नका, आंबटामुळे रस फाटतो. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या. अॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ नको.’

यात स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की या घरात आगळाची माहिती आहे.

आमसुलांचा प्रश्न तर पहिल्याच आठवड्यात घ्या. शहरातलं गिऱ्हाईक वरचं पांढरं बघून बुरशी समजतं आणि पाकीट परत करतं. बऱ्याचदा ते सुकताना वर आलेलं मीठ असतं. ओळखायचं कसं तेही लिहा: मीठ रवाळ लागतं आणि पाण्यात विरघळतं, बुरशी कापसासारखी तंतुमय असते आणि तिला कुबट वास येतो. पावसाळ्यात आमसुलं चिकट होतात तेही मिठामुळेच, ते हवेतलं पाणी ओढतं. घट्ट झाकणाची बरणी आणि कोरडा चमचा एवढं सांगितलं की निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठी निवडा, माइक दाबा आणि गिऱ्हाइकाला सांगता तसं बोला. मालवणी शब्द नीट उमटत नाहीत, ते मागाहून हाताने सुधारा.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कोणी बाटली परत करत नाही. पण भाव, वजन, मिली आणि फोन नंबर चुकले तर भांडण होतं. हे चार आकडे दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

खाडीपलीकडे
गावच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. वाडीत सगळे एकमेकांच्या फोनमध्ये असतात, त्यामुळे ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ हा सल्ला काही उपयोगाचा नाही. सोय वापरा. व्हॉट्सअॅप स्टेटसच्या गोपनीयतेत फक्त निवडलेल्या लोकांना दाखवायचा पर्याय आहे. पहिले १५ दिवस नेहमीची दहा-बारा गिऱ्हाइकं निवडा आणि तेवढ्यांनाच दाखवा. त्यांचे उलट प्रश्न आले की मजकूर आपोआप सुधारतो. मग यादी वाढवा. स्टेटस २४ तासांनी जातं, म्हणून चांगला जमलेला मजकूर वहीत किंवा व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये उतरवून ठेवा.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. पुष्कळांना वाटतं की आपलं लिहिणं कोणाला आवडत नाही. खरं तर ते पोचलेलंच नसतं. बाटली देताना नंबर सेव्ह करायला सांगा.

गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. पहिल्या ओळीत गाव आणि माल आला पाहिजे. भाव, सवलती आणि लिंक त्या वर्णनात घालू नका, गूगलला ते चालत नाही. नावाच्या रकान्यात धंद्याचं खरं नाव तेवढंच. तिथे ‘बेस्ट कोकम आगळ कुडाळ’ असं लिहिलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. गिऱ्हाईक घरी येत नसेल आणि तुम्हीच माल पोचवत असाल, तर घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर देता येतो. घराची जागा उघड होईल म्हणून ज्या बायका लिहायचं टाळतात, त्यांनी हे जरूर करावं.

कृती उचलण्याचं: आगळात रातांबे आणि मीठ. लपवण्यासारखं काय आहे? फळ किती पिकलेलं घ्यायचं, रस कधी गाळायचा हा हाताचा अंदाज वाचून कोणाला येत नाही. अमृत कोकममध्ये साखर किती ते नका लिहू हवं तर. घटकांची नावं मात्र लेबलवर लागतातच, जास्त प्रमाण असलेला घटक आधी.

रातांबा_कुडाळ
दोघांचे आभार. आज हे लिहिलं, फाडून टाकण्याआधी इथे ठेवते:

‘कोकम आगळ. कुडाळ तालुक्यातले रातांबे. घटक: रातांब्याचा रस, मीठ. वेगळा रंग नाही, साखर नाही. ५०० मिली, १५० रुपये, कुरिअर वेगळं. एका नारळाच्या सोलकढीला तीन मोठे चमचे, मीठ चव बघून. पित्तावर अत्यंत गुणकारी. १०० टक्के सेंद्रिय.’

तराजू
फाडू नका, चांगलं आहे. फक्त शेवटची दोन वाक्यं आजच काढा.

खाद्यपदार्थामुळे आजार बरा होतो किंवा टळतो असं जाहिरातीत म्हणता येत नाही. एफएसएसएआयचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्टेटस हीसुद्धा जाहिरातच. कोकमाने वजन उतरतं, साखर आटोक्यात येते असले फॉरवर्ड आपल्या मालाखाली चिकटवू नका. ‘कोकणात जेवणानंतर सोलकढी पितात’ एवढं बिनधास्त लिहा, ती खाण्याची रीत झाली.

‘सेंद्रिय’ म्हणायला साधारणपणे प्रमाणपत्र लागतं, एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी योजनांपैकी एखाद्याचं. ते नसेल आणि झाडाला खरोखरच काही मारत नसाल, तर तसंच सांगा: ‘परड्यातली आणि बांधावरची झाडं, फवारणी करत नाही.’ वाचणाऱ्याला हे जास्त पटतं. तसंच सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली नसेल तर त्याची खूण लावू नका. गावाचं नाव मात्र हक्काने लिहा.

माडाखाली
तराजूंशी सहमत. ताई, रिकाम्या झालेल्या दोन ओळींत हे घाला: ‘आगळ खारट असतं. गोड सरबत हवं असेल तर अमृत कोकम घ्या, एक भागाला चार ते पाच भाग पाणी.’ मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक आगळ ग्लासात ओततं, पाणी घालतं आणि मग ‘खराब निघालं’ म्हणून फोन करतं.

आणि ‘कुरिअर वेगळं’ यावर वाचणारा थांबतो, त्याला विचारायचा संकोच वाटतो. मुंबईला दोन बाटल्यांचं किती, चारचं किती, ते आकडे लिहा. बाटली वाटेत गळली तर काय करणार तेही एका ओळीत. ‘उघडताना फोटो काढा, गळली असेल तर दुसरी पाठवू’ हे जमणार असेल तरच लिहा.

रातांबा_कुडाळ
दोन बाटल्यांचं वजन करून कुरिअरवाल्याला भाव विचारते. ती ओळ बसली की दहा जणांना स्टेटस लावते, आणि आमसुलांवरच्या पांढऱ्याचं परवा लिहिते.