शब्दचर्चा: घटस्फोटाचा दाखला, हुकूमनामा की नक्कल? न्यूयॉर्कच्या कोर्टाचा कागद मराठीत आणताना

सायली_क्वीन्स
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण खरंच अडलंय. माझ्या मामेभावाचा घटस्फोट इथे न्यूयॉर्कमध्ये झाला, आता तो पुण्यात असतो आणि परत लग्न करतोय. नोंदणीसाठी "घटस्फोटाचा दाखला आणा" असं सांगितलं म्हणून त्याने शब्दाला शब्द धरून राज्याच्या आरोग्य खात्याकडून डिव्होर्स सर्टिफिकेट मागवलं. १९६३ पासूनच्या घटस्फोटांची अशी सर्टिफिकेटं मिळतात, पण त्यात नावं, तारीख, ठिकाण एवढंच असतं. वकीलकाका म्हणाले हे नाही चालणार, कोर्टाचा कागद हवा. तो कागद असतो ज्या काउंटीत (म्हणजे इथल्या जिल्ह्यात) घटस्फोट झाला तिथल्या काउंटी क्लर्ककडे, लग्न कुठे लागलं ह्याचा काही संबंध नाही. आणि न्यूयॉर्कात ह्या फायली शंभर वर्षं बंद, नवरा-बायको किंवा त्यांचे वकील सोडून कोणाला दाखवत नाहीत, म्हणून भावाचं नोटरी केलेलं पत्र घेऊन मी गेले, इंडेक्स नंबर (दाव्याचा क्रमांक) आणि साल दिलं तेव्हा शिक्क्याची कॉपी हातात आली.

आता मराठी करायला बसलेय आणि तीन ठिकाणी थांबलेय. एक, कागदावर "जजमेंट ऑफ डिव्होर्स" आहे, वकील म्हणतात हुकूमनामा लिहा, मला ते बादशाही फर्मानासारखं वाटतं. दोन, वर मोठ्या अक्षरात "सुप्रीम कोर्ट, काउंटी ऑफ क्वीन्स", ह्याचं सर्वोच्च न्यायालय करू का? तीन, काउंटी क्लर्क. कारकून लिहिलं तर तिकडे कोणी म्हणेल कारकुनाच्या सहीचा कागद काय कामाचा.

जुनी_वही
सायलीताई, मी कोर्टात शिरस्तेदार होतो, आता निवृत्त. हुकूमनामाच लिहा, बिनधास्त. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मराठी पाठात डिक्रीला हुकूमनामा आणि जजमेंटला न्यायनिर्णय आहे, हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटाचा हुकूमनामा असंच आहे. दाखला वेगळा. दाखला म्हणजे अमुक गोष्ट घडली एवढंच सांगणारा कागद, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. हुकूमनाम्याने ती गोष्ट घडते. तुमच्या भावाला खिडकीवरच्या माणसाने दाखला म्हटलं कारण बोलताना सगळेच सगळ्याला दाखला म्हणतात, आणि त्यात बिचाऱ्याचे पैसे आणि वेळ दोन्ही गेले.

आणि सर्टिफाइड कॉपीला नक्कल म्हणा. आमच्याकडे नक्कल विभाग असतो, नकलेचा अर्ज असतो.

शब्दप्रेमी_मेधा
नक्कल कशी चालेल? आजच्या मुलांना नक्कल म्हणजे मिमिक्री किंवा बनावट माल. प्रमाणित प्रत हा स्वच्छ शब्द असताना मागे कशाला जायचं? आणि हुकूमनामा हा सरळसरळ फारसी शब्द. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो ह्याच कारणासाठी ना?

जुनी_वही
मेधाताई, तलाठी सातबारावर "अस्सल बरहुकूम खरी नक्कल" लिहून सही करायचा, आणि त्या चार शब्दांवर शेतकऱ्याचा जन्मभर विश्वास असायचा. खरी नक्कल. त्यात बनावट काही नव्हतं. महाराजांच्या कोशाचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, पण अमात्य, सचिव, मंत्री हे शब्द दरबारात गेले तरी घराघरांत आडनावं मुजुमदार, सुरनीस, वाकनीसच राहिली. लोकांनी जे धरून ठेवलं ते मराठीच झालं.

प्लेनोकर
टेक्सासमधून लिहितोय, सायली तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर. सर्वोच्च न्यायालय अजिबात लिहू नकोस!! न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे खटला पहिल्यांदा चालतो ते कोर्ट आहे, त्या राज्याचं सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे कोर्ट ऑफ अपील्स, ते ऑल्बनीला. सर्वोच्च लिहिलंस तर पुण्यातला माणूस समजेल की तुझ्या भावाचं भांडण वॉशिंग्टनपर्यंत गेलं. "न्यूयॉर्क राज्याचे सुप्रीम कोर्ट, क्वीन्स काउंटी" असं देवनागरीत जसंच्या तसं ठेव.

आमच्याकडे तर अजून घोळ. इथे घटस्फोट डिस्ट्रिक्ट कोर्टात होतो आणि कागद काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात. मित्राच्या कागदांच्या मराठीत जिल्हा न्यायालय लिहिलेलं होतं, तर पुढच्याने विचारलं हे फेडरल का? कारण युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणून संघराज्याचं कोर्ट वेगळंच आहे, तिथे घटस्फोट होतच नाहीत. आणि दाव्याच्या नंबरला टेक्सासात कॉज नंबर म्हणतात, त्याचं चक्क कारण क्रमांक केलेलं!

अजून एक, ज्यांना काउंटीच आठवत नाही त्यांच्यासाठी. टेक्सास राज्याकडे १९६८ पासूनची घटस्फोटांची सूची आहे, तिथून खातरजमेचं पत्र मिळतं, त्यावर काउंटी कळते, मग त्या काउंटीच्या डिस्ट्रिक्ट क्लर्कला अर्ज करायचा. ते पत्र म्हणजे डिक्री नाही, हे राज्य स्वतःच सांगतं.

बे_एरिया_अनघा
कॅलिफोर्नियाची भर. इथे १९७० पासून कायद्यात डिव्होर्स शब्दच नाही, डिझॉल्यूशन ऑफ मॅरेज आहे. मी विवाहविच्छेद करते. विसर्जन म्हटलं की मराठी माणसाला गणपती दिसतो, तो शब्द नकोच. आणि भाषांतर करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, तारीख नीट बघा. इथल्या जजमेंटवर निकाल दाखल झाल्याची तारीख एक असते आणि विवाह संपुष्टात येण्याची तारीख वेगळी असू शकते, कारण समोरच्याला कागद पोचल्यापासून सहा महिन्यांच्या आत विवाह संपतच नाही. एका मुलीच्या कागदात अनुवादकाने दोन्हीकडे एकच तारीख टाकली आणि तिचं दुसरं लग्न पहिलं चालू असताना झाल्यासारखं दिसायला लागलं. केवढा मनस्ताप झाला त्या पोरीला. शब्द फारसी का संस्कृत ह्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

शब्दप्रेमी_मेधा
तारखेचं पटलं. पण अनघा, विवाहविच्छेद तुला चालतो आणि प्रमाणित प्रत नाही, हे कसं?

बे_एरिया_अनघा
मी प्रमाणित प्रतीला नाही कुठे म्हटलं, मेधाताई?

गोदाकाठ
घटस्फोट ह्या शब्दावरच माझा आक्षेप आहे, बरेच दिवस मनात होतं. घट फोडणे हा धर्मशास्त्रात बहिष्काराचा विधी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे, पतित माणूस जिवंत असताना नातेवाइकांनी त्याला मेलेला समजून पाणी द्यायचं आणि दासीने भरलेला घट पायाने उलथवायचा. म्हणजे माणसाला समाजातून काढून टाकायचा शब्द आपण दोघांनी समजून उमजून वेगळं होण्याला लावला. त्यापेक्षा आमच्या आजीच्या तोंडचा काडीमोड किती साधा, काडी मोडली, संपलं. ज्या समाजांत आधीपासून काडीमोड होती, पाट लागत होता, तिथल्या बायकांना ह्यासाठी १९५५च्या कायद्याची वाट बघावी लागली नाही. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये ती रूढीची मोकळीक आजही आहे.

प्लेनोकर
पण काडीमोड कागदावर लिहिलं तर वाचणारा तोच अर्थ काढेल ना, रूढीने झालेली. कोर्टाने दिलेला घटस्फोट आणि पंचांसमोरची काडीमोड ह्यांत कायद्याने फरक आहे.

गोदाकाठ
कागदासाठी नाही म्हणत मी, भाषेसाठी म्हणतोय. सोडचिठ्ठी बघा, मुळात बायकोच्या हातात द्यायचा कागद, आता पेपरात फक्त पुढारी पक्षाला सोडचिठ्ठी देतात. चांगले शब्द असे हातचे जातात.

गोमंतक_नंदा
गोंयांतल्यान नमस्कार. आमच्याकडे १९१० च्या पोर्तुगीज कायद्यापासून घटस्फोट आहे, हिंदूंनाही. आणि आमच्याकडे लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे सक्तीची, कोर्टाचा निकाल झाला की त्याच लग्नाच्या नोंदीवर शेरा येतो. त्यामुळे आमची आई विचारायची, "नोंदीर शेरो आयला मगो?" शेरा आला म्हणजे सुटली. दाखला, हुकूमनामा ह्या वादात शेरा हा शब्दही असू दे.

अनुवादक_धायरी
व्यवसायाने कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. वही काकांचं बरोबर आहे, पण एक गाठ सुटलेली नाही. सायलीच्या कागदावर जजमेंट लिहिलंय, आणि आपल्या संहितेप्रमाणे जजमेंट म्हणजे न्यायनिर्णय, हुकूमनामा नव्हे. मग काय करायचं? काम बघायचं. आपल्याकडे न्यायनिर्णयात कारणं असतात आणि हुकूमनाम्यात निकाल. न्यूयॉर्कात कारणांचा भाग "फाइंडिंग्ज ऑफ फॅक्ट अँड कन्क्लूजन्स ऑफ लॉ" ह्या वेगळ्या कागदात असतो आणि जजमेंट ऑफ डिव्होर्समध्ये विवाह संपुष्टात आणल्याचा निकाल. म्हणजे त्यांचं जजमेंट हे कामाने आपला हुकूमनामा. तसंच लिहावं, आणि सायली, तो फाइंडिंग्जचा कागदही मागवलास का? नसेल तर आधी तो मागव. आपल्या कोर्टात परदेशी निकाल संहितेच्या कलम १३ वर घासून बघतात, दावा गुणावगुणांवर ठरला का, दुसऱ्या बाजूला नीट संधी मिळाली का, आणि त्याची उत्तरं त्या कागदात असतात.

क्लर्कच्या सहीचं म्हणशील तर हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९१ चा वाय. नरसिंह राव खटला, त्यातली डिक्री मिसुरीच्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टाची होती. झेरॉक्स नकलेवर तिथल्या डेप्युटी क्लर्कचं प्रमाणन होतं, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं नव्हतं, आणि कोर्टाने ते नेमकं दाखवून दिलं. तेव्हा आपल्याकडे अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मिळणारं प्रमाणन) नव्हतं, भारत त्या करारात २००५ साली आला. आज काउंटीच्या नकलेवर त्या राज्याच्या परराष्ट्र... चुकीचा शब्द नको, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसचं अपोस्टिल घ्यायचं. त्याला राज्य सचिव लिहिणारे आहेत, मी सेक्रेटरी ऑफ स्टेटच ठेवतो.

सायली_क्वीन्स
धायरी दादा, खूप खूप आभार, फाइंडिंग्जचा कागद नाही घेतलेला, परत जाते. हुकूमनामा पटला आता. सुप्रीम कोर्ट तसंच ठेवते. पण क्लर्कचं काय लिहू?

जुनी_वही
प्रबंधक लिहा. उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारला प्रबंधक म्हणतात.

प्लेनोकर
प्रबंधक नेमलेला असतो हो काका. आमचा डिस्ट्रिक्ट क्लर्क निवडणूक लढवून येतो, दारादारात त्याच्या पाट्या लागतात. डिस्ट्रिक्ट कोर्टांची दप्तरं त्याच्या ताब्यात.

गोदाकाठ
मग दप्तरदार! ऐतिहासिक शब्द आहे आणि अर्थ चपखल बसतो.

शब्दप्रेमी_मेधा
दप्तर पण फारसीच. अभिलेखपाल म्हणा.

अनुवादक_धायरी
अभिलेखपाल म्हणजे पुराभिलेखागारातला माणूस, त्याला कोर्टाच्या नकलेवर शिक्का मारायचा अधिकार आहे असं कोणाला वाटणार नाही. मेधाताई, मी पोटतिडकीने सांगतो, ह्या कागदावर एका माणसाचं लग्न अडलेलं असतं. शब्द वाचून अधिकाऱ्याने शंका काढली की तो माणूस परत फेऱ्या मारतो.

शब्दप्रेमी_मेधा
आणि मी पण पोटतिडकीनेच सांगतेय की दरवेळी "काम अडतं" म्हणून सोडत गेलो तर मराठीत मराठी किती उरेल? न्यायिक फारकत बघा, जुडिशियल सेपरेशनला सरकारी मराठीत न्यायिक फारकत आहे. बोलताना फारकत म्हणजे घटस्फोट, कायद्यात फारकत म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळं राहणं. परका शब्द अर्धवट घेतला की असा गोंधळ होतो. विभक्ती चाललं असतं.

जुनी_वही
विभक्ती व्याकरणात आधीच बसलेली आहे, ताई. फारकत म्हणजे मूळ फारखत. फारिग आणि खत, मोकळं केल्याचा कागद. कर्ज फिटलं की सावकार फारखती लिहून द्यायचा. तेच नवरा-बायकोला लागलं. गोंधळ शब्दाने नाही केला, कायद्याचं मराठी करणाऱ्यांनी केला.

नांदेडचा_कलीम
वहीकाका, माफ करा पण मला हे पूर्ण पटत नाही. आमच्या घरी उर्दू बोलतात, त्यात फुर्कत म्हणून शब्द आहे, फुर्कत म्हणजे ताटातूट, विरह, त्याच्यात कागद नाही की कर्ज नाही. फरक सुद्धा त्याच धातूचा. मराठवाड्यात बायका म्हणतात "तिची फारकत झाली", कोणी कागद दिला असं त्यात नसतंच. मला वाटतं फारखत आणि फुर्कत दोन वेगळे शब्द मराठीत येऊन एकात एक मिसळले, आणि न्यायिक फारकतवाल्यांनी दुसरा अर्थ धरला, वेगळं राहण्याचा, मग ते चुकले कसे?

जुनी_वही
कलीमभाई, मग "फारकत लिहून दिली" हे काय? लिहून देतात तो कागदच ना? आमच्या गावाकडे आजही लिहून दिली असंच म्हणतात.

नांदेडचा_कलीम
तुमच्या गावाकडे म्हणत असतील काका, आमच्याकडे घेतली म्हणतात. फारकत घेतली. देणारा नाही, घेणारी आहे तिथे.