मदत हवी आहे: घरची पांढरी वाईन प्यायली की दात आंबतात

परसदारी_वेल
मंडळी, घाईत लिहितोय. मागच्या अंगणातल्या ६ वेलींची पांढरी द्राक्षं काढून वाईन केली, ५ गॅलन निघाली. बुडबुडे थांबून दोन आठवडे झाले. काल चाखली तर दात आंबले, दुसरा घोट घेववेना. डिसेंबरात पुण्याहून भाऊ येतोय, त्याआधी बाटल्या भरायच्या आहेत. साखर घालू का? लवकर सांगा.

तळ्याकाठची
राहता कुठे? वाण कुठलं? पीएच किती, एकूण आम्लता किती, द्राक्षं कधी काढली? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

हळदीकुंकू
चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. टोमॅटोचं सार फार आंबट झालं की आई तेच करायची.

तळ्याकाठची
सोडा अजिबात नको! त्यातलं सोडियम वाईनमध्येच राहतं आणि चव खारट-साबणासारखी होते. घालायचंच तर पोटॅशियम बायकार्बोनेट. पण आधी आकडे.

परसदारी_वेल
अमेरिकेत, मिनियापोलिसच्या पश्चिमेला राहतो. वाण ला क्रेसेंट. इथे बरेच जण तेच लावतात म्हणून लिहिलं नाही. पीएच पट्टीवर ३ च्या आसपास.

विंचूरचा_बागायतदार
भाऊ, छाटणी चुकली असणार. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशा दोन घेतो. एका छाटणीवर गोडी येत नाही.

तळ्याकाठची
दादा, तिथे ऑक्टोबरात छाटून कसं चालेल? ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसचं तापमान उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. तिथे एकच छाटणी, थंडी ओसरताना. काडीवरचे कुठले डोळे (कोंब फुटायच्या जागा) जगले ते बघून मग काड्या ठेवायच्या.

परसदारी, ला क्रेसेंट हे मिनेसोटा विद्यापीठाने २००२ मध्ये दिलेलं वाण. त्यात अमेरिकेतल्या रानद्राक्षाचं रक्त आहे आणि मस्कत हॅम्बर्ग या सुवासिक द्राक्षाचंही. थंडी सोसायची ताकद आणि चढी आम्लता रानद्राक्षाकडून आली, जर्दाळूचा वास मस्कतकडून. त्यात मॅलिक आम्ल भरपूर असतं, तेच दातांना लागतंय. पट्टीवर भरवसा ठेवू नका, आम्लता मोजायचा संच आणा.

न्यूयॉर्कचा_पाटील
सोपं आहे. मॅलोलॅक्टिक करा. जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक करतात, आंबटपणा मऊ होतो. मी शार्डने या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये दरवर्षी करतो.

तळ्याकाठची
शार्डने वेगळी. ३ पीएचला ते जिवाणू तग धरत नाहीत. समजा धरला, तर लोण्यासारखा वास येऊन जर्दाळूचा वास दबेल. या वाणाचं सगळं मोल त्या वासात आहे.

न्यूयॉर्कचा_पाटील
आधी आम्लता थोडी उतरवून मग जिवाणू घालता येतात. मी केलंय. लोण्याचा वास प्रत्येक वेळी येतोच असं नाही.

परसदारी_वेल
संच आणला. एकूण आम्लता लिटरला १३.५ ग्रॅम. द्राक्षं ५ सप्टेंबरला काढली, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) १८ होता, मग साखर घातली. यीस्ट ईसी-१११८. आणि हो, बुडबुडे थांबल्यावर वाईन टिकावी म्हणून सल्फाइटच्या ५ गोळ्या टाकल्यात.

तळ्याकाठची
मग मॅलोलॅक्टिकचा विषय संपला, सल्फाइटमध्ये ते जिवाणू चालणार नाहीत. पण ५ सप्टेंबर? सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत घड ठेवले असते तर मॅलिक आपसूक उतरलं असतं आणि ब्रिक्स २२ च्या वर गेला असता.

परसदारी_वेल
कशी ठेवणार? मणी गळायला लागले होते, गांधीलमाशा तुटून पडल्या होत्या, पानं तर ऑगस्टमध्येच झडली होती.

विंचूरचा_बागायतदार
थांबा. पानं झडण्याआधी वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी होती का?

परसदारी_वेल
हो, अगदी तसंच. पावसाने झालं असेल असं वाटलं.

विंचूरचा_बागायतदार
केवडा आहे तो भाऊ, पानांवरचा बुरशीचा रोग. पान गेलं की साखर कोण बनवणार? घड महिनाभर ठेवले असते तरी गोडी भरली नसती. पुढच्या वर्षी फुलोऱ्याच्या आधीपासून फवारणी धरा, घडाजवळची दाटी काढून वारा खेळता ठेवा, मण्यात पाणी भरायला लागलं की जाळी लावा. छाटणीचं मी चुकीचं बोललो. आमच्याकडे उन्हाने आम्लता इतकी उतरते की वाईनवाले वरून टार्टारिक (द्राक्षातलं दुसरं आम्ल) घालतात, तुमचं नेमकं उलटं.

सेंट_पेपिनवाली
मध्येच विचारते. विस्कॉन्सिनमध्ये माझी सेंट पेपिनची वेल चार वर्षांची झाली, फुलते पण मणी धरत नाही. खत कमी पडतंय का?

तळ्याकाठची
खत नाही. सेंट पेपिनला फक्त मादी फुलं येतात. त्याच वेळी फुलणारी ला क्रॉस शेजारी लावा.

परसदारी, आता कृती. लिटरला ०.९ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेटने आम्लता सुमारे १ ग्रॅम उतरते. पण ते टार्टारिकच खातं, मॅलिकला हात लावत नाही, म्हणून २ ते ३ ग्रॅमच उतरवा. आधी छोट्या बाटल्यांत करून चाखा. मग कार्बॉय, म्हणजे वाईनचा काचेचा बुधला, थंड गॅरेजमध्ये दोन-तीन आठवडे, तळाशी खडे बसतील. उणे ४ सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका, वाईन गोठली तर काच तडकेल. वरची नितळ वाईन काढून घ्या, सल्फाइट आणि सॉर्बेट (यीस्टला पुन्हा वाढू न देणारं) घाला आणि मगच साखर. सॉर्बेटशिवाय साखर घातली तर बाटलीत पुन्हा आंबेल आणि बूच उडेल. पुढच्या वर्षी ७१बी यीस्ट वापरा, ते मॅलिकचा काही भाग खातं.

हळदीकुंकू
त्यापेक्षा मनुके का नाही करत?

परसदारी_वेल
तीन बाटल्यांत करून पाहिलं. २ ग्रॅम उतरवलेली आणि लिटरला २५ ग्रॅम साखर घातलेली सगळ्यात छान लागली, जर्दाळूचा वास शाबूत आहे. ३ ग्रॅमवाली बेचव वाटली. उद्या कार्बॉय गॅरेजमध्ये नेतो. विंचूरचे दादा, केवड्याला पहिली फवारणी कशाची घेता?

विंचूरचा_बागायतदार
कोवळ्या पानांवर आम्ही मॅन्कोझेब घेतो. पण तुमच्याकडे घरच्या बागेला कशाची परवानगी आहे ते डब्यावरच्या लेबलवर वाचा, काढणीआधी किती दिवस थांबायचं तेही. आणि झडलेली पानं आत्ताच, बर्फ पडायच्या आत गोळा करून हलवा. केवडा त्यातच हिवाळा काढतो.