इनहेलर शिकवायचा कसा, हे आम्ही फार्मसीवाल्यांनी कुठे शिकायचं?

साखळीची_फार्मसी:
नमस्कार. डी.फार्म दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली, आता डिचोलीत एका मेडिकलवर ट्रेनिंग करतेय. पाऊस लागला, घरोघरी ओल आणि बुरशी, दम्याचे पेशंट रोज येतात. परवा एक आजी रोटाकॅप (मशीनमध्ये घालून श्वासाने ओढायची पावडरची कॅप्सूल) घ्यायला आल्या, सहज विचारलं कशा घेता, तर म्हणे पाण्याबरोबर गिळते! सालब्युटामॉल कुठल्या रिसेप्टरवर काम करतं ते मला तोंडपाठ आहे पण मशीन हातात घेऊन कधी कोणाला दाखवलेलं नाही. तुम्ही लोक कसं शिकलात?

फोंडा_काउंटर:
बाय, आजींना विचारलंस हेच मोठं काम केलंस. "कसं घेता?" विचारून थांबू नको, "करून दाखवा" म्हण. पंपवाला इनहेलर आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, मग सावकाश खोल श्वास घेता घेताच दाबायचं आणि जमेल तसं 10 सेकंद श्वास रोखायचा. रोटाहेलरचं, म्हणजे रोटाकॅपच्या मशीनचं, उलट, तिथे जोरात ओढावं लागतं, नाहीतर पावडर आतच राहते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते हमखास घोळ घालतात. स्टेरॉइडवाला असेल तर नंतर चूळ भरायला सांग, तोंडात फंगस होतो. आणि एकदा शिकवलं म्हणजे झालं असं नाही, लोक विसरतात, पुढच्या वेळी परत बघायचं.

म्हापसा_मेडिकल:
सगळं बरोबर पण शुक्रवारी बाजाराच्या दिवशी काउंटरवर रांग असते, प्रत्येकाला करून दाखवायला वेळ कुठून आणायचा? मी निदान एवढं बघतो की निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉलचा लगेच आराम देणारा रिलीव्हर, कोण सारखा सारखा नेतोय. वर्षाला 200 डोसचे तीन किंवा जास्त लागत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. जीनाने (GINA, दम्याच्या उपचारांच्या गाइडलाइन्स काढणारी जागतिक संस्था) 2019 पासून नुसत्या रिलीव्हरवर पेशंट ठेवू नका असं स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे अशांना मी डॉक्टरकडे पाठवतोच.

प्रॅक्टिस_शिकवते:
वेळ काढायलाच हवा दादा, पेशंटचं काउन्सेलिंग 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्येच आहे. आपल्याकडे पणजीत 1842 पासून फार्मसी शिकवतात, आणि अजूनही मुलं मशीनला हात न लावता पास होतात याचं मला फार वाईट वाटतं. मी वर्गात प्लासिबो (औषध नसलेले) इनहेलर देते, एक जण पेशंट, दुसरा फार्मासिस्ट, आणि बोलायचं कोंकणीतून, कारण काउंटरवर तेच होणार. पेशंट झालेल्याला मुद्दाम चुकायला सांगते, समोरच्याने चूक पकडायची. पेनकिलर मागितली तर "दमा आहे का?" विचारायचं, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने काहींना अटॅक येतो. काचबिंदूचे टिमोलॉल ड्रॉप्ससुद्धा दम्याला चालत नाहीत, हे तर कोणाच्या ध्यानातच येत नाही.

साखळीची_फार्मसी:
खूप आभार मॅडम, ताई, दादा. आमच्या मालकांकडे डेमोचा पंप आहे, उद्याच मागून घेते. अजून एक, पंप संपला का बघायला लोक तो पाण्यात टाकतात, चालतं का ते?

फोंडा_काउंटर:
नाही, त्यावरून काही कळत नाही. पंपावर डोस मोजणारा काउंटर असेल तर तो आकडा बघायचा, नसेल तर विकतानाच डब्यावर मार्करने तारीख लिहून दे आणि रोजच्या डोसाप्रमाणे कधी संपेल तेही लिही.