टीबी पीसीआर पॉझिटिव्ह आलं, एकेटी (टीबीच्या गोळ्या) सुरू करू का? अर्जंट

अबोली_अ
दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या चालू आहेत, त्यातला पीसीआरचा (जंतूचा डीएनए शोधतात ती तपासणी) काल रिपोर्ट आला. आमचे डॉक्टर म्हणतात लगेच एकेटी, सहा महिने. दुसऱ्या मॅडम म्हणतात घाई नको. मला खोकला नाही, ताप नाही, मग टीबी कुठून आला? घरी अजून कुणाला बोलले नाहीये. उद्या गोळ्या आणायच्यात, कुणी घेतल्या असतील तर प्लीज सांगा.

नाशिककर_मीनल
पीसीआर कशाचं केलं, रक्ताचं का? वय? गर्भनळ्या उघड्या आहेत का?

अबोली_अ
गर्भपिशवीच्या अस्तराचं, दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तेव्हा. वय ३१. पाळी कमी जाते हल्ली. पण गोळ्यांचं सांगा ना.

राधा_के
मी घेतल्या. लघवी केशरी होते, घाबरू नकोस, त्यातल्या रिफाम्पिसिनने होतं ते. माझी लेक आता पहिलीत आहे. डोळे मिटून सुरू कर.

लॅबवाला
डोळे मिटून का? पीसीआरला मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा सापडतो. नुसत्या त्याच्यावर चार-चार औषधं? बायोप्सीत (तुकडा काढून तपासतात त्यात) ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारा पेशींचा पुंजका, आहे का? कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावलंय का?

राधा_के
कल्चरला सहा आठवडे लागतात! माझं तर निगेटिव्हच होतं. हा जंतू आधी नळ्यांनाच धरतो, तोवर काय वाट बघायची?

लॅबवाला
जंतू तिथे थोडेच असतात, म्हणून कल्चर निगेटिव्ह येतं, मान्य. पण औषधांचा ताण लिव्हरवर येतो, त्यातल्या एथॅम्ब्युटॉलने नजरेला त्रास होऊ शकतो. कारण पक्कं हवं.

सह्याद्री७
मिस्टरांची तपासणी झाली का? आपल्याकडे सगळ्या तपासण्या बाईच्याच मागे.

वनौषधी_प्रेमी
माझ्या वहिनीला उत्तरबस्तीने (आयुर्वेदात गर्भपिशवीत औषधी तेल सोडतात ते) गुण आला. महिनाभर करून बघा.

लॅबवाला
टीबीचा संशय असताना पिशवीत काहीही सोडू नका. हात जोडतो.

खेडकर_सुनिता
सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, विकत कशाला? निक्षय या सरकारी टीबी योजनेतून आहाराचे महिन्याला १००० रुपये पण येतात.

सह्याद्री७
५०० येतात ना?

खेडकर_सुनिता
२०२४ च्या नोव्हेंबरपासून १०००. आधार खात्याला जोडलेलं हवं.

नाशिककर_मीनल
अहो पैशांचं नंतर! अबोली, ऑपरेशनचा कागद बघून सांग गं, आत काय दिसलं?

अबोली_अ
सापडला. 'डावी नळी बंद. उजवीतून डाय (तपासणीचा रंग) उशिरा. दोन्ही नळ्यांवर ट्यूबरकल्स. बायोप्सी पाठवली.' बायोप्सीबद्दल मला कुणी बोललंच नाही.

लॅबवाला
मग प्रश्नच बदलला. नळ्यांवर ट्यूबरकल्स, म्हणजे टीबीचे बारीक दाणे, दिसले असतील तर पीसीआर एकटं राहत नाही, मीही उपचाराच्याच बाजूने बोलेन. दुसऱ्या मॅडमनी हा कागद पाहिलाय?

अबोली_अ
नाही, त्यांनी पीसीआरच मागितला होता.

राधा_के
उद्या दोन्ही घेऊन जा आणि बायोप्सीचा रिपोर्ट मागून घे. गोळ्यांच्या आधी लिव्हरची रक्ततपासणी करून घे. कोर्स संपेपर्यंत दिवस राहू देऊ नकोस, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नकोस, रिफाम्पिसिनने त्यांचा असर कमी होतो.

अबोली_अ
मिस्टरांना लागेल का हे?

लॅबवाला
छातीच्या टीबीसारखा खोकल्यातून पसरत नाही हा. तरी तुमचा छातीचा एक्स-रे काढून घ्या.

वनौषधी_प्रेमी
ऑपरेशनचा खर्च किती आला हो?