चिलीचं अटाकामा वाळवंट समुद्राकाठी असून कोरडं कसं?

भटक्या: मॅपवर बघतोय, चिली ४,३०० किमी लांब, अख्खा किनारा पॅसिफिकला लागून, तरी उत्तरेला एवढं वाळवंट? पाऊस का पडत नाही तिथे?

खडकवेडी: किनाऱ्याने हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो ना, त्याने खालची हवा गार राहते, वर चढतच नाही, मग ढग बरसणार कसे, आणि ॲमेझॉनकडून येणारी ओली हवा अँडीजच्या रांगा अडवतात. तिथल्या अरिका शहरात वर्षाला सरासरी १ मिमीपण पाऊस नाही!

नकाशावाला: +१, पण धुकं असतं हां, कामान्चाका म्हणतात. डोंगरावर बारीक जाळ्या उभारतात, धुक्याचे थेंब जाळीला चिकटून खालच्या पन्हळीत ओघळतात, तेच पाणी वापरतात. फार भारी वाटतं मला हे.

भटक्या: वा! दक्षिणेला पण असंच?

खडकवेडी: छे, तिकडे पश्चिमेचे वारे धो धो पाऊस आणतात, नुसती जंगलं आणि हिमनद्या.